एका व्यक्तीला दिसत आहे

शिवणकामाच्या कारखान्यात दुपारची सुट्टी झाली, तेवढ्यात तिच्या फोनचं मोठं अपडेट पूर्ण झालं. फोन पुन्हा सुरू झाला आणि पडद्यावर एक नवी सूचना आली: ‘आपले ठिकाण एका व्यक्तीला दिसत आहे. आठ महिन्यांपासून.’ खाली नाव होतं, ‘घर’.

आठ महिन्यांपूर्वीच तर नवऱ्याच्या माराला कंटाळून ती नेसत्या वस्त्रानिशी, फक्त फोन घेऊन बाहेर पडली होती. त्याचा नंबर ब्लॉक केला, दोनदा खोली बदलली. पण घरात सगळ्यांसाठी ठेवलेल्या त्या फोनचा विचार तिच्या डोक्यातच आला नव्हता. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. कारखाना, खोली, जायचा-यायचा रस्ता. मग तो अजून आला कसा नाही? कशाची वाट बघतोय?

तिने घाईघाईने ‘बंद करा’ दाबलं. मिनिटभरात फोन वाजला. ‘घर’. उचलावा तर भीती, न उचलावा तर त्याहून मोठी भीती. तिने फोन कानाला लावला.

“बंद का केलंस गं?” पलीकडून सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. “तू निघणार हे ओळखून मीच तुझ्या फोनवर ते सुरू करून ठेवलं होतं. तू कुठे आहेस ते दिसलं, तरच त्याला उलट्या दिशेला पाठवता येतं मला.”