खिडकीखालचे कान

“वारा सरला का, मास्तर?”

सिस्टर आचाननं पाचव्या सकाळीही तोच प्रश्न विचारला, आणि त्याच आवाजात. ती उत्तरेकडची. तिकडे माणसं रानाच्या या टोकाहून त्या टोकाशी बोलतात, त्यामुळे हळू बोलणं तिला कुणी शिकवलंच नव्हतं. वॉर्डातल्या बावीसही खाटा उत्तरासाठी थांबल्या.

सेबुन्या मास्तरांनी छताकडे पाहिलं. “नाही.”

“थोडासासुद्धा?”

“सिस्टर, मी तीस वर्षं शाळेत शिस्त शिकवली आहे.”

हे कागदावर कसं लिहावं ते सिस्टरला कळेना. तिनं नुसतं ‘नाही’ लिहिलं.

खाटेखालच्या चटईवर बसलेल्या नाबोसानं डोळे मिटले. पाच दिवस ती तिथेच होती. नवऱ्याच्या आतड्याला पीळ पडला होता. तो काढायला पोट वरपासून खालपर्यंत उघडलं, आतडं कापून जोडलं. ताप नव्हता, टाके कोरडे होते. पण पोट ढोलासारखं फुगत चाललं होतं आणि आतडं जागं झाल्याची खूण काही मिळत नव्हती. तोवर पेज नाही, पाण्याचा घोटही नाही. पहिल्या दिवशी तिनं देवाकडे नवऱ्याचे प्राण मागितले होते. आता तिची मागणी बरीच खाली आली होती.

डॉक्टर आले. तेही झोपेला पारखे झालेले. त्यांनी पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

“आत गडगडतंय, पण बाहेर काहीच येत नाही. म्हणजे कुठेतरी अडलंय.” त्यांनी नाबोसापुढे सहीसाठी संमतीचा कागद धरला. “दुपारी परत उघडू. पण बाई, दुसऱ्यांदा उघडलेलं पोट पहिल्यासारखं सोसत नाही. या वयात मी शब्द देणार नाही.”

ते पुढच्या खाटेकडे गेले. नाबोसा कागद हातात घेऊन बसून राहिली. रडायचं होतं, पण त्यालाही अंगात जोर लागतो.

“तुझ्या आई घरी गेल्या का गं?” मास्तरांनी हळूच विचारलं.

“नाही. कशी जाईल?”

जुळ्यांची आई म्हणून सगळं गाव नाबोसाच्या आईला नालोंगो म्हणायचं. त्यांच्यातली रीतच अशी, की सासूनं आणि जावयानं एका छपराखाली यायचं नाही, नजरेला नजर द्यायची नाही. म्हणून नालोंगो पाच दिवस बाहेर, मास्तरांच्या खिडकीखाली, भिंतीला पाठ लावून बसली होती. लेकीसाठी तिथेच तीन दगडांवर रांधत होती. जावयाला तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. गरजही नव्हती. परवा खाट नुसती करकरली, तर ती बाहेरून म्हणाली होती, “डाव्या कुशीवर वळू देऊ नकोस गं त्याला, टाके ओढतील.”

“रोज तिचीच चौकशी का हो करता?” नाबोसानं विचारलं.

मास्तरांनी खिडकीकडे पाहिलं. मग चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

पाच दिवसांची पेंगुळलेली बाई खाडकन जागी झाली. “अहो! तुम्ही धरून ठेवलाय?”

“हळू बोल! त्यांना ऐकू जाईल.”

“दुपारी चिरतील तुम्हाला! मराल!”

“मरणाचं काही नाही. मेलेल्याला सासू नसते. पण जगलो, आणि त्यांनी ऐकलेलं असलं, तर—”

पुढचं त्यांनी गिळलं. जोर लावून बोलायची सोय नव्हती.

नाबोसा बाहेर आली. नालोंगो केळी सोलत होती.

“आई, तू घरी जा.”

“त्याला चिरायला नेणार आणि मी घरी जाऊन केळी सोलू? ती इथेही सोलली जातात.”

“तसं नाही गं. तू भिंतीशी असलीस की त्यांना... मोकळं होता येत नाही.”

याहून जास्त लेकीला आईपाशी बोलता येईना. म्हातारीचा हात थांबला.

“आता उठून गेले,” ती अगदी हळू म्हणाली, “तर का गेले ते सगळ्या वॉर्डाला कळेल. मास्तर माणूस. तोंड कुठे लपवील?”

आणि एकदम ओरडली, “मोठ्यानं बोल की गं नाबोसा!”

वॉर्ड दचकला.

“किती वेळा सांगू? कालच्या पावसात भिजल्यापासून माझे दोन्ही कान गेलेत! तो डॉक्टर काय म्हणतो, ती सिस्टर काय विचारते, मला कपाळ ऐकू येतंय!”

नाबोसा आ वासून बघत राहिली. मग जन्मात पहिल्यांदाच ती आईवर ओरडली, “काही नाही म्हटलं, आई! काही नाही!”

आत सगळं चिडीचूप झालं.

आधी खाट करकरली. मग सेबुन्या मास्तरांची तीस वर्षांची शिस्त मोडली. एका दमात नाही, सावकाश, टप्प्याटप्प्यानं, वरच्या इयत्तेत जात जात. पलीकडच्या खाटेवरच्या माणसानं टाळ्या वाजवल्या आणि टाके दुखले म्हणून थांबला. सिस्टर आचान कागद घेऊन धावली. “कुणाचा? मास्तरांचा? नक्की?” साक्ष द्यायला अख्खा वॉर्ड तयार होता. तिनं ‘नाही’ खोडलं आणि डॉक्टरांना बोलवायला पळाली.

खिडकीतून आत बघणारी नाबोसा तशीच वळली. आईला हे ओरडून सांगावं की कानात, या विचारात ती दोन पावलं आली आणि थबकली.

केळी बाजूला पडली होती. ठार बहिऱ्या म्हातारीनं तीन दगडांवर पेजेचं आधण ठेवलं होतं आणि डोळे पुसत ती पीठ चाळत होती.

तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.