काकू, नाव घ्या

"आपापलं नाव सांगा आणि आवडता पक्षी," मेघना म्हणाली. कल्याणला उल्हास नदीकाठच्या बागेत, रविवारी सकाळी, दहा-बारा जण गळ्यात दुर्बिणी अडकवून गोल करून उभे होते. मेघना त्यांना पक्षी दाखवणार होती.

पोपटरावांची पाळी आली. "पोपट," ते म्हणाले.

"आवडता पक्षी झाला. नाव, काका?"

"तेच की."

झालं! सगळे फिसकन हसले. भलामोठा कॅमेरा घेऊन आलेला सलिल म्हणाला, "काका, मग आम्हाला पुढे जायची गरजच नाही!" पोपटरावही हसले. आता या वयात रागवायचं कोणावर? शाळेत पोपट्या, कारखान्यात मिठू. रिटायर झाले त्या दिवशी साहेबाने भाषणात 'आज पिंजरा उघडला' म्हणून टाळ्या घेतल्या. अख्ख्या जगाने त्यांचं नाव घेतलं ते चेष्टेपुरतं. घेतलं नाही फक्त एकीने, आणि ती आत्ता शेजारीच उभी होती. मंजुळाबाई, त्यांची बायको.

नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, ही मंजुळाबाईंच्या माहेरची रीत. बरं, नवऱ्याचं नाव पक्ष्याचं, म्हणजे पक्ष्याचंही घ्यायची चोरी! आंबिवलीला घरी, दारातल्या पेरूवर थवा उतरला की त्या ओरडायच्या, "अवो, ते पेरूवाले आले!" पोराला अक्षरं शिकवताना तक्त्यावर 'प' आला, तर 'प बाबांचा' म्हणून मोकळ्या झाल्या. लग्नात उखाणा घेतला होता म्हणतात, पण नेमकं तेव्हाच बँडवाल्याला चेव आला.

पोपटरावांना तेवढंच हवं होतं. एकदा, तिच्या तोंडून, आपलं नाव. चेष्टेत नाही, नीट. म्हणून तर हा सगळा घाट घातलेला. पक्षी बघायला नेऊ, तिथे तरी कशी म्हणत नाही बघतोच!

मंजुळाबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्या मस्त रमल्या होत्या. बगळा दिसला, खंड्या दिसला, तारेवरचा कोतवाल दिसला. दिसेल त्याला बोट दाखवून त्या नाव पुकारत होत्या आणि मेघना दर वेळी "हळू बोला ना काकू, उडून जातील," म्हणून हात जोडत होती. पोपटराव मात्र आभाळाकडे डोळे लावून मनात म्हणत होते, या रे बाबांनो, आज कुठे मेलात?

आणि आले की! पुलाच्या बाजूने, कलकलाट करत, हिरवागार थवा थेट डोक्यावरून गेला.

"काकू, आता काय गेलं?" मेघनाने विचारलं. पोपटरावांनी श्वास रोखून धरला.

"हिरवे," मंजुळाबाई म्हणाल्या.

"हो, पण नाव?"

"चोच लाल हाय त्यांची."

"अगदी बरोबर. नाव घ्या ना, काकू!"

"मिरची खातात."

मागे कोणीतरी खुदखुदलं. मंजुळाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, नवरा आशेने बघत होता, आणि त्या आणखीच गोऱ्यामोऱ्या झाल्या. सलिलला दया आली.

"काकू, पॅराकीट म्हणा. खरं तर तेच बरोबर. पोपट म्हणणं तसं चूकच आहे."

"हां, तेच ते! प्यारकीट!" मंजुळाबाईंनी हुश्श केलं.

पोपटरावांचा पार पोपट झाला. साठी उलटली तरी माणूस रुसतो, उलट तेव्हा जरा जास्तच रुसतो. ते तडक नदीच्या कडेला गेले आणि उतारावर पाठ फिरवून उभे राहिले. जलपर्णीत काही बघण्यासारखं नव्हतं, तरी बघत राहिले. उतार शेवाळाने नुसता बुळबुळीत झाला होता.

मंजुळाबाईंचं तिकडे लक्ष गेलं. "अवो!" त्यांनी हाक मारली.

घोळक्यातले दोन-तीन नवरे वळले. ज्याने वळायचं तो काही वळला नाही. त्याने मुद्दाम आणखी एक पाऊल खाली टाकलं आणि त्याचा पाय सटकला.

"पोपट!" मंजुळाबाई किंचाळल्या. "पोपट! पोपट!"

झाडावरचे सगळे कावळे उडाले. दहा-बारा दुर्बिणी एकदम आभाळाकडे गेल्या.

खाली पोपटराव चिखलात बसले होते. कमरेपर्यंत माखलेले, एक चप्पल पाण्यात. लागलं काहीच नव्हतं. पण ती हाक कानात अशी भरली होती की उठायचंही भान नव्हतं. त्यात चेष्टा नव्हती, सगळा जीव होता. मंजुळाबाईंनी आपण काय बोलून बसलो ते कळून पदर तोंडाला लावला. नवरा धड आहे हे दिसलं तसं त्यांना त्या पदराआड हसू फुटलं.

"कुठे, काकू, कुठे?" सलिल कॅमेरा गरागरा फिरवत होता. "मला एकपण दिसत नाहीये!"

मेघनाने दुर्बीण खाली घेतली. आभाळ साफ रिकामं होतं. "काकू, नक्की पोपटच होता ना?"

"म्हंजे काय!" मंजुळाबाई उताराकडे निघता निघता म्हणाल्या. "नांदायला आले तवापासून बघतेय. मी नाय ओळखणार?"