आधी तायवो, मागून केहिंदे

शाळेत उशिरा पोहोचलेल्या चिमुरड्या आबेकेने सबब सांगितली, "आईला जुळी झाली!" जुळी म्हणजे अवघ्या गावाचे भाग्य. मुख्याध्यापिकाबाईंनी तत्काळ वर्ग सोडले आणि ढोल बडवत, "आधी आला तायवो, मागून आला केहिंदे" अशी जुळ्यांची ठरलेली नावे गात सारी शाळा आबेकेच्या दारात आणली.

अंगण झाडणाऱ्या आईला, फोलाला, तोंड कुठे लपवावे कळेना. आता लेकीचे नाव शाळेतून काढून टाकणार, या धास्तीने तिने आबेकेचा कान धरला. "कार्टे, बाईंना खरं काय ते सांग!"

"आईला नाही… शेळीला झाली."

ढोल थांबला. फोलाने डोळे मिटून घेतले.



बाई मात्र करडांपाशी वाकून गंभीरपणे विचारत होत्या, "आबेकेची आई, यातला तायवो कोणता?"