तासाभराचं औषध

अंबरनाथ पश्चिमेतल्या रुग्णालयात वृंदा कीमोची औषधं तयार करायची. बारवी धरणाकडच्या हरिचंद्रकाकांचं इंजेक्शन भरून तिने त्यावर वेळ लिहिली. तासाभरात टोचलं नाही तर निकामी होणार होतं. पण काका बाहेर कट्ट्यावर बसलेले सापडले. "मागल्या खेपेला लय उलट्या झाल्या गो," ते म्हणाले. "आज धीर होत नाय. तुजं औषध फुकट जाईल ना?" पंचवीस मिनिटं उरली होती. तिने हो म्हटलं असतं तर काका भिडेखातर उठले असते, पण पुढच्या खेपेला आलेच नसते. "जाऊ द्या, दुसरं बनवीन," म्हणत वृंदा शेजारी बसली. उलट्यांवर डॉक्टर काय देतील ते सांगत राहिली. वेळ टळल्यावर तिने आत जाऊन सिरिंज टाकून दिली. वळली तर काका दारात उभे होते. "आता नवीन बनव. मी खाटेवरना हलनार नाय."