खुराड्यातला कंदील

हौशीरामने दहाव्या कोंबडीच्या पोटाखाली हात घातला आणि रिकामाच बाहेर काढला. दहा कोंबड्यांत आज अंडी दोन. काल तीन होती.

"द्रुपदे," त्याने पोरीला हाक मारली, "त्ये पत्रक आन बरं."

कोंबड्या साध्यासुध्या नव्हत्या. शिरूरच्या ब्लॉक ऑफिसातल्या डेव्हिड साहेबांनी अख्ख्या न्हावरे गावात एकट्या हौशीरामला दिलेल्या पांढऱ्याफेक विलायती कोंबड्या होत्या त्या. दिवाळीपर्यंत रोज आठ-आठ अंडी घालत होत्या. थंडी पडली आणि अंडी आटली. संक्रांत झाली की साहेब बघायला येणार होते. कोंबड्या नीट सांभाळल्या नाहीत तर उचलून दुसऱ्या गावात देईन, असं ते जातानाच बजावून गेले होते. हौशीरामची फजिती बघायला पारावरची रिकामटेकडी मंडळी त्या दिवसाची वाट बघत होती.

साहेबांनी कोंबड्यांबरोबर चार पानी पत्रकही दिलं होतं. हौशीराम अंगठेबहाद्दर. घरात वाचणारी एकटी द्रुपदा, सातवीतली. ती वाचायची आणि तो करायचा. शिंपल्यांचा चुरा घालावा, असं तिने वाचलं. त्याने घोड नदीवरून पोतंभर शिंपले आणून कुटले. पाणी दोनदा बदलावे. त्याने चारदा बदललं. वारा लागू देऊ नये. त्याने खुराड्याला पाचटाचा कूड घातला. बायकोने, गोदाने, आपल्या अकलेने दारावर लिंबू-मिरचीही टांगली. कोंबड्या खाऊनपिऊन टुमटुमीत झाल्या. अंडी काही वाढली नाहीत.

द्रुपदाचं मन मात्र कोंबड्यांत नव्हतं. मार्चमध्ये तिची सातवीची फायनल परीक्षा होती, शिरूरच्या केंद्रावर. पास झाली तर पुढे मास्तरीण होता येईल, असं गुरुजी म्हणाले होते. दिवसा शाळा, मग कांद्याची खुरपणी, मग भाकऱ्या. पुस्तक हातात यायचं तेव्हा अंधार पडलेला असायचा. घरात कंदील एकच आणि जेवणं झाली की हौशीराम तो विझवायचा. एकदा तिने धीर करून मागून पाहिला.

"वाचून वाचून डोळं घालवायचं हायेत का?" तो म्हणाला होता. "आन् परीक्षेला शिरूरला तुला नेतंय कोन?"

विषय तिथेच संपला होता. माणूस वाईट नव्हता. पण पोरीची परीक्षा म्हणजे त्याच्या लेखी ऐकायची आणि सोडून द्यायची गोष्ट होती.

द्रुपदाने पत्रक आणलं. "समदं वाचून झालंय, आप्पा."

"नीट बघ. कायतरी राह्यलं आसंल."

तिने शेवटचं पान उलटलं. थोडा वेळ नुसतीच बघत राहिली. मग तळाशी बोट ठेवून वाचू लागली, "हिवाळ्यात दिवस लहान असतो. कोंबडीस उजेड कमी पडतो. सबब रोज अंधार पडल्यावर तीन तास खुराड्यात कंदील लावावा."

"तीन तास?" हौशीराम बोटांवर रॉकेलचा हिशेब करू लागला. "आन् भुश्यात कंदील लवंडला म्हंजी?"

"त्येबी लिवलंय. कंदिलाजवळ घरातील एक माणूस बसवावे."

सरकारी कागद तो. त्याच्यापुढे काय बोलणार? हौशीराम दिवसभराच्या कामाने पेंगायचा. गोदाला पिसांनी शिंका यायच्या. राहिली द्रुपदा. नुसतं बसून काय करायचं, म्हणून ती दप्तर घेऊन बसू लागली.

पहिले दहा दिवस काहीच फरक पडला नाही. हौशीराम रोज सकाळी आधी कोंबड्या चाचपायचा आणि मग रॉकेलची बाटली वर धरून बघायचा. "आनखी चार दिवस," त्याने सांगून टाकलं, "मग बंद." द्रुपदा त्या चार दिवसांत निदान भूगोल तरी उरकावा म्हणून धडपडू लागली. चौथ्या दिवशी चार अंडी निघाली. मग पाच. संक्रांतीला पाटीत आठ अंडी होती आणि सगळ्यांत जास्त आश्चर्य द्रुपदाला वाटलं होतं.

डेव्हिड साहेब आले ते पाटी बघून खूशच झाले. "हौशीरामभाऊ, या दिवसांत आठ? माझ्या ऑफिसातल्या कोंबड्यासुद्धा एवढी देत नाहीत. केलंत तरी काय?"

"तुमचंच पत्रक, साहेब," हौशीराम छाती काढून म्हणाला. "तीन तास कंदील. एक दिस चुकवला न्हाई."

"कसला कंदील?"

साहेबांनी पत्रक मागून घेतलं. चारही पानं उलटसुलट पाहिली. "हे मी स्वतः छापून घेतलंय. यात उजेडाचं एक अक्षर नाही."

हौशीरामला अक्षरं कळत नव्हती, पण हे कळलं. महिनाभर त्याच्याच घरात त्याच्याच पोरीने त्याला बनवलं होतं आणि ते साहेबांसमोर उघडं पडलं होतं. त्याची कानशिलं तापली. द्रुपदा दारात मान खाली घालून उभी होती. हात उगारायला हौशीरामला एरवी वेळ लागत नसे. तो तिच्याकडे दोन पावलं गेला आणि थांबला. आठ अंडी समोर होती. पोरीने वाचलं ते कागदावर नव्हतं, पण खोटंही नव्हतं.

त्याने साहेबांच्या हातून पत्रक घेतलं आणि तिच्यापुढे धरलं.

"वाच."

"आप्पा..."

"वाच म्हन्तो न्हवं! आनखी काय काय लिवलेलं न्हाई त्याच्यात, त्ये समदं वाच."

द्रुपदाने कागद घेतला. शेवटचं पान उलटून तळाशी बोट ठेवलं.

"मार्च महिन्यात," ती वाचू लागली, "मुलीस परीक्षेकरिता शिरूरला न्यावे."

हौशीराम पुढे वाकला आणि कळत असल्यासारखा कागदाकडे बारीक डोळे करून बघू लागला.

"तारीख काय लिवलीय?"