कल्पेशचे वीस पॉइंट

मोबाइलवरच्या गेममध्ये नेत्राने चौघांची टीम बनवली आणि चौथ्याला आपल्या भावाचं नाव दिलं, कल्पेश.

"बाबा, याला वीस पॉइंट वाटायचेत. ताकद, नजर, धाडस आणि शिस्त. शिस्त म्हणजे लीडर सांगेल ते लगेच करायचं."

हिरामण चाळीस वर्षं अर्नाळ्यात बोटीवर तांडेल होते. त्यांना उलट उत्तर द्यायची कुणा खलाशाची टाप नव्हती, पोटच्या मुलाचीही नाही.

"शिस्तीला शून्य दे," ते म्हणाले.

"शून्य? मग तो ऐकणार नाही, बाबा. ऐन वेळी अडून बसेल. आपण हरू."

"हरू दे."

नेत्राने सगळे पॉइंट बाकीच्या तीन गुणांत वाटून टाकले.

"आता सांग," हिरामण म्हणाले. "बंदरावर धोक्याचा बावटा लागलाय. मी याला बोललो, आपली जाळी पान्यात रायलीत, जाऊन घेऊन ये. हा काय बोलंल?"

"सरळ नाही म्हणेल."

हिरामणनी भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बघायचं टाळलं.

"त्या दिवशी 'जातो, बाबा' बोलला."