साडेतीनची गोळी

"घरातली झाडून सगळी औषधं आणलीत ना? ओता इथे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

मेघनाने पिशवी टेबलावर उपडी केली. सकाळी ती तिच्या वडिलांनी, भिवांनी, स्वतःच भरली होती. बीपीची औषधं, साखरेची, गुडघ्याची. आणि पिठाच्या डब्यामागे तिने लपवलेली पिवळी स्ट्रिपसुद्धा त्यांनी आठवणीने घेतली होती.

परळच्या या म्हाताऱ्यांच्या ओपीडीत ती दोन तक्रारी घेऊन आली होती. बाबा विसरतात आणि बाबा पडतात. चिंचपोकळीच्या चाळीत, गॅलरीतच, महिन्याभरात दोनदा पडले. आणि आत्ता मॅडमनी वार विचारला, तर शुक्रवारी मंगळवार सांगून मोकळे झाले.

"ही कुणी लिहून दिली?" मॅडमनी पिवळी स्ट्रिप उचलली. "सर्दीची गोळी आहे. हिने गुंगी येते. ऐंशीच्या पुढे रोज घेतली तर माणूस गोंधळतो, तोल जातो."

लिहून कुणीच दिली नव्हती. मेघनाने नाक्यावरच्या केमिस्टकडून आणली होती. चार वाजता तिच्याकडे शिकवणीची बारा पोरं यायची आणि बाबा मध्येच त्यांना दिडकीचा पाढा विचारायचे. पोरं फिदीफिदी हसायची, आयांच्या तक्रारी यायच्या. दहा बाय बाराच्या खोलीत म्हातारं माणूस ठेवायचं तरी कुठे? मग साडेतीनला गोळी दिली, की बाबा सहापर्यंत भिंतीकडे तोंड करून गप्प. सर्दी कधी झालीच नव्हती.

"सांगा ना, कोण देतं ही?"

मेघना टेबलावरच्या बाकीच्या स्ट्रिपा सरळ लावू लागली.

"मीच घेतो," भिवा म्हणाले. "पोरांचा कलकलाट सोसत नाय. मीच मागवली."

"आजोबा, शिकलेली मुलगी घरात असताना असं मनाने औषध घेतात का?"

"चुकलं," म्हणत त्यांनी मान खाली घातली.

मेघना तेव्हाही बोलू शकली असती. ती एकेक पाकीट पिशवीत भरत राहिली. लाज वाटली, पण तोंड उघडण्याइतकी नाही.

"ही आजपासून बंद," मॅडम म्हणाल्या. "महिन्याने या. विसरणं किती वयाचं आणि किती गोळीचं, ते तेव्हा कळेल."

बाहेर बाकावर बसवून तिने त्यांच्या पायात चपला सरकवल्या. वर बघायची हिंमत होईना.

"बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला कधी सर्दी झाली गं?"

"मग घेत का होता?"

भिवा काठी टेकून उभे राहिले. "बाईंनी गोळी बंद केली, ठीक आहे. पण साडेतीनला पाणी घेऊन येत जा. मला झोप लागेस्तोवर, दिवसभरात तेवढीच जवळ बसायचीस तू."